पालथं झोपून बांधलेली छोटी लाईन

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि "मणक्याचा टीबी आहे" असं सांगितलं. मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो असा : "मग सोमवारी शाळेत जाता येईल ना?"

डॉक्टर हसले नाहीत. एक्स-रे पाकिटात घालत म्हणाले, "मास्तर, सोमवार विसरा. यंदाची दिवाळी झोपून काढायची तयारी करा."

तेव्हा उन्हाळा चालू होता.

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या वर्षीची. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती आणि मी इथल्या एका शाळेत सुतारकाम शिकवत होतो. आता मी हिंडतो-फिरतो, रंधा मारतो, सायकलसुद्धा चालवतो. हे लिहितोय ते कुठंतरी खाटेवर पडून छताकडे बघणाऱ्या माणसासाठी. औषधांचं मला काही कळत नाही, ते डॉक्टरांना विचारावं. पडून राहणं मात्र मला चांगलं कळतं.

चप्पल

पाठ सहा-सात महिने दुखत होती. रंधा मारणाऱ्याची पाठ दुखणारच, असं मी धरून चाललो. एका पैलवानाकडून मालीश करून घेतली, त्यानं दुखणं वाढलं. संध्याकाळी बारीक ताप यायचा, तो मी उन्हाच्या नावावर टाकला.

एक दिवस शाळेतून घरी निघालो होतो. मागून चित्रकलेचे कुटे सर ओरडले, "अहो मास्तर, चप्पल मागं राहिली!"

वळून पाहिलं तर माझी डावी चप्पल दहा-बारा पावलं मागं, रस्त्याच्या मधोमध पडलेली. पायातून निघाली आणि मला कळलंच नव्हतं. मे महिन्याचा तापलेला रस्ता, त्यावर माझा अनवाणी पाय, आणि पायाला चटका नाही. कुटे सरांनी चप्पल उचलून आणली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि घरी न जाऊ देता तसंच मला डॉक्टरांकडे नेलं. चालता पाय परत मिळाला, त्यात त्यांच्या त्या हाकेचा मोठा वाटा आहे.

वॉर्ड

औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात चार महिने काढले. आमच्या गाडीनं पूर्णा जंक्शनला, तिथून दुसरी गाडी. दोन्ही वेळा मला फळीवर बांधून डब्यात चढवलं. बायको शेवंता उशाशी बसून होती. आमची सात वर्षांची सुमन तिच्या आजीकडे, शिरड शहापूरला ठेवली होती. निघताना तिला जवळ घेऊ दिलं नाही कुणी.

वॉर्डातला दिवस फिनेलच्या वासानं सुरू व्हायचा. मग इंजेक्शन, मग मूठभर गोळ्या, मग डॉक्टरांची फेरी. इंजेक्शनांनी कानात सतत रातकिडा वाजल्यासारखं व्हायचं. माझ्या पाठीच्या मापाचा प्लास्टरचा पाळण्यासारखा एक साचा केला होता, त्यात मी चोवीस तास उताणा. फेरीत एक तरुण डॉक्टर तळव्याला टाचणी लावायचे.

"टोचतंय?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

ते वहीत काहीतरी लिहायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. पोट साफ करणं, अंग पुसणं, सगळं दुसऱ्याच्या हातानं. पहिले आठ दिवस लाज वाटली. नंतर तिथल्या एका वयस्कर सिस्टरनं सांगितलं, "लाजायची ताकद वाचवा, बरं व्हायला लागते." ते मी ऐकलं. बरं व्हायला निघालेल्या माणसानं ते ऐकावं.

शेजारच्या खाटेवर गफूरचाचा होते. साठीचे, मूर्तिजापूरकडचे, छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. औरंगाबादला पोराच्या घरी आले होते, पायऱ्यांवरून पडून मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन टांगून तेही माझ्यासारखेच उताणे. आम्ही दोघं दोन-तीन महिने एकमेकांशी बोललो, पण तोंडं समोरासमोर कधी आली नाहीत. दोघंही छताशी बोलायचो.

एकदा मी म्हणालो, "चाचा, आमच्या हिंगोलीची गाडी तुमच्या छोट्या लाईनपेक्षा मोठी."

चाचांना ते लागलं. "मोठी हाय, पर वळाले किती जागा मांगते! आमची छोटी लाईन अडीच फुटाची. पऱ्हाटीच्या वावरातून, बाभळीच्या बाजूनं, जिथी बैलगाडी वळते तिथी ते वळते. तुमाले घरात रेल्वे टाकाची असंन तं छोटीच टाकाची, मास्तर. मोठी भिंतीले धडकते."

घरात रेल्वे! मी हसलो. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा हसलो असेन. नंतर दिवसेंदिवस आम्ही तेच बोलत राहिलो. इंजिनाचा बंब, म्हणजे बॉयलर, किती लांब, रुळाखालचे स्लीपर किती अंतरावर, पाण्याची टाकी कुठं. ते सांगायचे आणि मी मनात लाकूड कापायचो. चाचांना माझ्याआधी सुट्टी मिळाली. जाताना कुबड्यांवर माझ्या खाटेपाशी उभे राहिले, तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. "नकाशे धाडतो," म्हणाले.

टाचणी

पावसाळ्याच्या शेवटी मला घरी पाठवलं. सहा महिने तरी फळीवरच झोपायचं, बसायचं नाही, कंपाउंडर रोज येऊन इंजेक्शन देईल, असं ठरलं. आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत माझी खाट. शेजाऱ्यांनी येणं कमी केलं. एक बाई बोलायला आल्या त्या नाकाला पदर लावून दाराबाहेर उभ्या राहिल्या. मी त्यांना दोष देत नाही. टीबी म्हटलं की तेव्हा लोक मागं सरकायचे.

शेवंता कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या कारखान्यात, म्हणजे जिनावर, कामाला जाऊ लागली. सकाळी माझं सगळं आवरायची, पाण्याचा तांब्या आणि भाकरी हाताशी ठेवायची आणि जायची. संध्याकाळी यायची तेव्हा केसांत, भुवयांत कापूस.

सिस्टरनं तिला टाचणीचं काम शिकवलं होतं. रोज सकाळी मला डोळे मिटायला सांगायचं, टाचणी लावायची, विचारायचं. पहिले काही दिवस मी खरं सांगितलं. "नाही" म्हणून डोळे उघडले की तिचा हात तसाच थांबलेला दिसायचा. ते मला सोसेना. म्हणून एक दिवस मी म्हणालो, "व्हय, थोडं टोचलं." ती इतकी आनंदली की दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी तिनं विचारलं, "टोचतंय?"

"व्हय. कालच्यापेक्षा जास्त."

 मग म्हणाली, "डोळे उघडा."

टाचणी तिच्या पदराला लावलेली होती. दोन्ही हात रिकामे.

"म्या टोचलंच न्हाई," ती म्हणाली. "काहून खोटं बोलून राहिले?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"मला? जिनावर दिवसभर मी मनाशी म्हणते, आज जरा जास्त टोचलं. त्याच्या आधारावर गठ्ठे उचलते मी. आन् तुमी मला फसवून राहिले?"

मला राग आला. तिचा नाही, माझाच, पण निघाला तिच्यावर. "जा मग माहेरी! सुमनपाशी जा. मी पडतो हितंच."

तिनं तांब्या भरून ठेवला आणि कामाला गेली.

त्या दिवशी दुपारी पोस्टमननं एक जाडजूड पाकीट उंबऱ्याच्या आत टाकलं. माझ्या खाटेपासून ते तीन हात लांब होतं. संध्याकाळपर्यंत मी त्याच्याकडे बघत पडलो. रडलोही. पाय गेले म्हणजे काय, ते मला त्या पाकिटानं समजावलं. इतके दिवस ते मला कळलं नव्हतं.

शेवंता आली, पाकीट उचललं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं हाय."

"तूच उघड," मी म्हणालो. आणि मग, "उद्यापासून खरं सांगीन."

पाकिटात गफूरचाचांनी पेन्सिलीनं काढलेली बारा चित्रं होती. इंजिन पुढून, बाजूनं. मालडबा. स्टेशनची शेड. प्रत्येक मापाला बाण. शेवटच्या कागदावर उर्दू वळणाच्या मराठी अक्षरात एक ओळ : "जागा किती हाय ते कळवा."

शेवंतानं चित्रं एकेक करून माझ्या डोळ्यांसमोर धरली. शेवटी म्हणाली, "हे तुमाला जमंल?"

"झोपून?"

"मंग काय उभं राहून?"

हात पोचेल तेवढी जागा

त्याच सुमारास डॉक्टरांनी दिवसातून दोन-तीन तास पालथं झोपायला परवानगी दिली. छातीखाली उशी घेतली की हात मोकळे व्हायचे आणि डोळे खाटेच्या पुढं जमिनीवर. सहा महिन्यांनी मला छताऐवजी दुसरं काहीतरी दिसलं. आजारी माणसाला मी सांगेन, अशा बारक्या परवानग्यांना सण समजा.

कुटे सरांनी शाळेतला एक जुना, चिरलेला फळा आणून दिला. तो चार फूट लांब आणि अडीच फूट रुंद कापून घेतला; माझा हात अडीच फुटांपलीकडे पोचत नव्हता, म्हणून पलीकडच्या टोकाचं काम फळा फिरवून घेऊन करायचो. दोन स्टुलांवर तो खाटेच्या डोक्याशी ठेवला, असा की माझे डोळे बरोबर त्याच्या पातळीला यायचे. एवढ्याशा जागेत पूर्ण फेरी मारून यायचं तर वळणं तंग हवीत. चाचांचं बोलणं आता पटलं. छोट्या लाईनशिवाय दुसरं काही त्या फळ्यावर मावलंच नसतं.

रूळ केले सायकलच्या तारांचे, चाकातल्या. मोडक्या फुटपट्ट्यांचे स्लीपर. प्रत्येक स्लीपरला दोन खाचा, खाचेत तार, वर लाखेचा थेंब. एका दिवसात दहा-बारा स्लीपर व्हायचे, मग मान भरून यायची. चाकं म्हणजे गोल काठीच्या चकत्या, आणि प्रत्येकीच्या मागं पत्र्याची थोडी मोठी चकती, म्हणजे चाक रुळावरून उतरत नाही. इंजिनाच्या पोटात बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाची कमान, म्हणजे चावीची स्प्रिंग, बसवली. त्या यंत्रानं मला तीन आठवडे छळलं.

शेवंता सुरुवातीला नुसती बघायची. मग एक दिवस कामावरून आली, डोक्यावरचा पदर काढला, केसांतला कापूस वेचला आणि तो माझ्या मालडब्यात भरला. "रिकामी गाडी बरी न्हाई दिसत," म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या गाडीत रोज ताजा कापूस असायचा.

टाचणी चालूच होती. मी रोज खरं सांगत होतो. न्हाई. न्हाई. न्हाई. ती "बरं" म्हणायची आणि उठायची. आमच्यात ते एक सरळ झालं होतं, आणि खरं सांगतो, त्यानं घर हलकं झालं.

मग थंडी पडल्यावर एका सकाळी मी म्हणालो, "थांब."

"काय?"

"अंगठ्याच्या खाली. काहीतरी मुंगी चावल्यासारखं."

तिनं पुन्हा टाचणी लावली. "आता?"

"नाही."

"आता?"

"टाचेला. बाहेरच्या बाजूनं."

तिनं टाचणी खाली ठेवली, खाटेच्या कडेला बसली आणि माझा पाय मांडीवर घेऊन तसाच धरून ठेवला. जिनाचा भोंगा झाला, तरी ती उठली नाही. त्या दिवशी ती कामावर उशिरा गेली, वर्षातून एकदाच.

वळण

गाडी पहिल्यांदा सोडली ती वळणावर अडकली. दुसऱ्यांदाही. चाकं घासली, रूळ सरळ केले, तरी तेच. सरळ रुळावर डौलात जायची आणि वळण आलं की कुरकुर करून थांबायची. मी चाचांना पत्र लिहिलं. आठ दिवसांनी कार्ड आलं :

"मास्तर, वळणावर रूळ जरा फाकवा. नखाएवढं. गाडीचे पाय ताठ रायते, वळताना तिले मोकळं लागते. खऱ्या लाईनवर बी आमी हेच करतो."

सगळं वळण उखडलं. चाळीस स्लीपर पुन्हा केले, यावेळी खाचा नखभर लांब. मग इंजिनाला चावी दिली. गाडी सरळ गेली, वळणात शिरली, मी डोळे मिटले. कुरकुर ऐकू आली नाही. डोळे उघडले तेव्हा ती पलीकडच्या बाजूनं, कापूस घेऊन, माझ्याकडे येत होती. अर्धी फेरी उरली असताना कमान संपली. शेवंतानं बोटानं तिला ढकलत स्टेशनपर्यंत आणली आणि हसत सुटली. इतकी हसली की शेजारच्या बाई दारात आल्या. यावेळी नाकाला पदर नव्हता.

चार फुटांवर सुमन

मणक्याचा हा आजार माझ्यापासून लेकराला लागायची भीती नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. संक्रांतीच्या आधी सुमनला तिच्या मामानं आणून सोडलं. ती दारात उभी राहिली. उंच झाली होती. मी हाक मारली, पण ती आत येईना.

"आजी म्हणती, बाबांच्या जवळ जायाचं न्हाई. आपल्याला बी तकलीफ होती."

शेवंता तिला ओढायला निघाली. मी नको म्हटलं. सहा-आठ महिने एका लेकराला जे सांगितलं, ते एका दिवसात कसं पुसणार?

"सुमन," मी म्हणालो, "तू फळ्याच्या त्या टोकाला उभी राहा. तिथून मी चार फूट लांब आहे. चालेल?"

तिनं अंदाज घेतला आणि त्या टोकाला येऊन उभी राहिली. मी मालडब्यात एक लिमलेटची गोळी ठेवली, चावी दिली, गाडी सोडली. गाडी वळण घेऊन तिच्यापाशी गेली. तिनं गोळी उचलली. तोंडात न टाकता मुठीत धरली.

दुसऱ्या दिवशी तिनं डब्यातून मला एक चिंच पाठवली. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी : "बाबा तुमी कधी उठनार." मी उत्तर पाठवलं, "माहीत नाही. पण पायाला टाचणी टोचतेय." चिठ्ठ्या चालू राहिल्या. ती रोज फळ्याच्या कडेनं थोडी अलीकडे उभी राहायची, आणि मी मुद्दाम तिच्याकडे बघत नव्हतो. दहा-बारा दिवसांनी गाडी मधेच थांबली, तेव्हा तिनं ती उचलून माझ्या हातात आणून दिली. हात हाताला लागला. 

तपासणी

शेतातली तूर काढून झाली होती, तेव्हा गफूरचाचा आले. पत्र नाही, काही नाही. कुबडी टेकत, स्टेशनवरून विचारत विचारत. पाणीसुद्धा न पिता त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि रुळाच्या एका टोकाशी डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले. मी परीक्षेला बसल्यासारखा.

"इथी लेवल गेली हाय," ते म्हणाले. "स्टेशनपाशी स्लीपर दूर पडले. पाण्याची टाकी उंच पाह्यजे."

"बाकी?"

"बाकी..." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "नोकरीत लय ड्रायव्हर पाह्यले. पालथा झोपून गाडी चालवणारा पह्यलाच."

जेवले, दोन दिवस राहिले, टाकीची उंची स्वतः वाढवून गेले. सुमन त्यांना स्टेशनवर सोडायला कुटे सरांबरोबर गेली. तेव्हा दवाखान्यात चाचा शेजारच्या खाटेवर नसते, तर मी बरा झालो असतो का? औषधांनी झालो असतोच. पण त्या आठ-नऊ महिन्यांत मी कसा माणूस झालो असतो, ते सांगता येत नाही.

उठल्यावर

पुढच्या एक्स-रेनंतर डॉक्टरांनी कमरेला पट्टा बांधून बसायला सांगितलं. बसलो तेव्हा खोली गरगर फिरली. उभा राहिलो तेव्हा शेवंता एका बाजूला, कुटे सर दुसऱ्या. महिन्याभरात मी काठी घेऊन खोलीत फिरू लागलो. शाळेतून निरोप आला, जूनमध्ये हजर व्हा.

त्या दिवशी मी शेवंताला मोठ्या मनानं सांगितलं, "आता तू जिनिंग सोड. खूप केलंस. आता आराम कर."

मला वाटलं ती खूश होईल. ती भाकरी थापता थापता थांबली.

"मी न्हाई सोडणार."

"कशाला कष्ट?"

"मला तिथं बरं वाटतं. बायका हायेत. बोलतो, हसतो. ह्या सीझनला बी जाईन, पुढल्या बी जाईन." मग जरा हळू, "तुमी पडून होते तवा त्याच बायांनी माझं डोकं ठिकाणावर ठेवलं. तुमाला चाचा होते, मला त्या."

मला हे ठाऊकच नव्हतं. वर्षभर मी माझ्याच पाठीचा विचार करत होतो. तिचा दिवस जिनावर कसा जातो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ज्यांच्या घरात आजारपण आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे : सेवा करणाऱ्याला त्याच्या दिवसाबद्दल विचारा. मी फार उशिरा विचारलं.

आमच्या घरात नवरा-बायकोनं एकमेकांचे आभार मानायची पद्धत नाही.  दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवर गेली असताना मी पट्टा बांधला, भिंतीला टेकून चुलीपुढं उभा राहिलो, मग हळूच पाटावर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा ज्वारीची भाकरी थापली. पहिली फाटली. दुसरी एका बाजूला जाड, एका बाजूला करपलेली. दोन्ही तिच्या डब्यात घातल्या, वर लसणाची चटणी ठेवली.

तिनं डबा उघडून पाहिला. माझ्याकडे पाहिलं, माझ्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि डबा बंद करून कामाला गेली.

संध्याकाळी परत आली तेव्हा डबा रिकामा होता. तो घासायला ठेवत म्हणाली, "उद्या पिठात मीठ टाका जरासं."